ड्रॅगन एज २ : एक हतबलता कमावलेली, एक उरकलेली

आधीच सांगतो, पुढे सगळी स्टोरी फोडलीये. गेम येऊन इतकी वर्षं झालीत की आता स्पॉयलरचं कौतुक कुणाला असेल असं वाटत नाही, पण कुणाला खेळायचाच असेल तर खेळून मग वाचा, कारण या गेमबद्दल धड बोलायचं तर त्यातले दोन-तीन प्रसंग पार उसवून बघावे लागतात, ग्राफिक्सला इतके मार्क आणि कॉम्बॅटला तितके असं करून भागत नाही.

तर प्रकरण असं. बायोवेअर या स्टुडिओचा ड्रॅगन एज: ओरिजिन्स नोव्हेंबर २००९ मध्ये आला आणि लगेच मार्च २०११ मध्ये ड्रॅगन एज २. मध्ये फक्त १६ महिने, आणि एवढ्या मोठ्या आरपीजीसाठी (पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायचा गेम) १६ महिने म्हणजे काहीच नाही. पीसीवर मेटाक्रिटिकचा (समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणारी साइट) स्कोअर पहिल्याला ९१ आणि दुसऱ्याला ८२, म्हणजे समीक्षकांनी काही आपटलं नव्हतं, विक्रीही सुरुवातीला पहिल्यापेक्षा वेगात झाली, दोन आठवड्यांच्या आत दहा लाखांवर कॉपी गेल्या असं प्रकाशक ईएने जाहीर केलं. पण खेळणारे भडकले. युजर स्कोअर समीक्षकांच्या कितीतरी खाली गेला आणि तेव्हापासून दोन गट पडलेत ते पडलेतच. एक म्हणतो, बायोवेअरने आजवर लिहिलेली सगळ्यात धाडसी गोष्ट. दुसरा म्हणतो, घाईघाईत गुंडाळलेला माल, तीच गुहा बारा वेळा दाखवली.

मला विचाराल तर भांडण गुहेचं नाहीच्चे. गुहा हे सोपं टार्गेट आहे. खरं भांडण हे की या गेममध्ये हिरोच्या हातात फारसं काही नाही, आणि ते काही ठिकाणी काळजाला भिडतं आणि काही ठिकाणी फसवल्यासारखं वाटतं. डार्क फँटसी म्हटलं की हतबलता येणारच, पण ती कथेने कमावलेली आहे की वेळ संपला म्हणून उरकलेली, हे बघायला लागतं. या एकाच गेममध्ये दोन्ही प्रकार आहेत, म्हणून तो अभ्यासाला झकास.

हॉक आणि ते शहर

ओरिजिन्समध्ये तुम्ही जग वाचवता. इथे जग वगैरे काही नाही. हॉक नावाचा किंवा नावाची एक निर्वासित, लोथरिंग गाव डार्कस्पॉन नावाच्या राक्षसी फौजेने जाळलं म्हणून आई आणि भावंडांना घेऊन पळालेली. गेम सुरू होऊन जरा वेळ होतोय तोवर ओगर, म्हणजे एक अवाढव्य राक्षस, येतो आणि एक भावंड मारतो. हॉक मेज (जादूगार) असेल तर बहीण बेथनी जाते, वॉरियर (योद्धा) किंवा रोग (चपळ, चोरट्या ढंगाचा लढवय्या) असेल तर भाऊ कार्व्हर जातो. यात पार्टी बॅलन्सचा हिशोब आहे हे उघड आहे (तुम्ही स्वतः मेज तर दुसरी मेज कशाला), पण आई ज्या पद्धतीने लगेच हॉकवर खेकसते, की तू पुढे का जाऊ दिलंस, त्याने तो हिशोब झाकला जातो. लक्षात ठेवा ही आई, लिआंड्रा. पुढे तिच्यावरच यायचंय.

मग कर्कवॉल. पूर्वी टेव्हिंटर साम्राज्याचा गुलामांचा बाजार असलेलं शहर, बंदरात शिरताना गुलामांचे प्रचंड पुतळे, मेजेसना ज्या गॅलोजमध्ये कोंडलंय तीही गुलामांचीच जुनी जागा. सगळा गेम इथेच. हायटाउन, लोटाउन, डार्कटाउन, गोदी, बाहेर थोडा किनारा आणि एक डोंगर, बस. तीन अंक, मध्ये तीन-तीन वर्षांच्या उड्या, आणि हे सगळं हॉकचा सोबती, व्हॅरिक नावाचा बुटका (ड्वार्फ), कॅसांड्रा नावाच्या बाईसमोर चौकशीत बसून सांगतोय. व्हॅरिक थापा मारतो हे गेम पहिल्याच लढाईत दाखवून देतो, हॉक शत्रूंना किडामुंगीसारखं चिरडतोय आणि कॅसांड्रा वैतागून म्हणते की खरं सांग. कल्पना भारीच आहे. एका माणसाची गोष्ट, एका शहरात, वर्षानुवर्षं. त्या काळात मोठ्या बजेटच्या आरपीजीत असं कोण करत होतं?

पण मग तीन वर्षांनी शहर बदलायला नको का राव? तेच फेरीवाले त्याच कोपऱ्यात, तेच खोके त्याच गल्लीत. गुहा परत आली तर माणूस हसून सोडून देतो, पण शहर हेच मुख्य पात्र म्हणून पुढे केलंय आणि ते सात वर्षांत एक दिवसही म्हातारं होत नाही, हे जास्त खटकायला हवं होतं. लोकं गुहेवर अडकून बसली, बरोबर मुद्दा हातातून निसटला.

आई

आता मुख्य प्रसंग. पहिल्या अंकात एक फालतू वाटणारा साइड क्वेस्ट मिळतो, शहरातून बायका गायब होताहेत, एकीचा नवरा म्हणतो पळून गेली असेल, एमेरिक नावाचा एक टेम्प्लर (मेजेसवर पहारा ठेवणारा सैनिक) एकटाच त्याच्या मागे लागलाय आणि बाकी कुणी त्याला भीक घालत नाही. एका फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) तुम्हाला हाडं आणि अंगठी सापडते. संपलं, अंक पुढे सरकतो. तीन वर्षं जातात. दुसऱ्या अंकात एमेरिकला एका उमरावावर संशय येतो, गॅस्कार्ड द्युप्वी, तुम्ही चौकशी करता, तो म्हणतो मी नाही, मीही खुन्याच्याच मागावर आहे. त्याला मारायचं की सोडायचं ते तुमच्यावर. एमेरिक मरतो. इथवर तुम्हाला वाटत असतं की डिटेक्टिव्हगिरी चालूये आणि नीट चालूये.

मग एक दिवस मामा गॅम्लेन घरी येतो आणि विचारतो लिआंड्रा कुठाय, भेटायला आली नाही. आणि घरात पांढऱ्या लिलीची फुलं. ज्यांनी आधीचे क्वेस्ट लक्ष देऊन केले त्यांच्या पोटात इथेच गोळा येतो, कारण आधी गायब झालेल्या बायकांनाही असलीच फुलं आली होती. लोटाउनमधून रक्ताचे थेंब शोधत फाउंड्रीत, तीच फाउंड्री, खाली तळघर, भिंतीवर एका बाईचं चित्र आणि ती डिट्टो आईसारखी दिसते. क्वेंटिन नावाचा मेज आपली मेलेली बायको परत जुळवतोय, एकेका बाईचा एकेक तुकडा घेऊन. आणि चेहरा त्याला तुमच्या आईचा सापडला.

गॅस्कार्डला सोडलं असेल तर तो माग काढायला मदत करतो. नसेल सोडलं तर रक्ताचा माग. कसंही करा, उशीरच होतो. आई हातात येते, काही वाक्यं बोलते आणि जाते. वाचवायचा एकही मार्ग नाही, कितीही सेव्ह लोड करा.

तरी यावर लोकं चिडली का? काहीजण चिडले, मी नाही म्हणत नाही. पण बहुतेकांना हा गेममधला सगळ्यात चांगला प्रसंग वाटतो, आणि पर्याय नसतानाही वाटतो. याचं कारण नीट बघण्यासारखं आहे. गेमने धागा पहिल्या अंकात टाकला, मध्ये तीन वर्षं जाऊ दिली, शहराने त्या बायकांकडे दुर्लक्ष केलं ते दाखवलं, आणि तुम्हीही इतर पन्नास कामांत ते विसरलात, हेही त्यात धरलंय. गॅस्कार्डचा निर्णय शेवट बदलत नाही पण तुम्ही तिथवर कसे पोचलात ते बदलतो. आणि कुठेही गेम असं म्हणत नाही की बघ, आता तू ठरव. वचनच दिलं नाही तर मोडल्याचा राग कशाचा?

त्यात अजून एक बारीक कारागिरी आहे. डायलॉग व्हीलवर शांत, टोमणेबाज आणि आक्रमक अशा तीन ढंगांची उत्तरं असतात आणि तुम्ही कुठला ढंग जास्त वापरता ते गेम मोजत राहतो, मग हॉक जे आपणहून बोलतो तेही त्या ढंगात येतं. सगळा गेम टोमणे मारत आलेला हॉक आई गेल्यावर घरात एकटा बसलेला असतो आणि सोबती येऊन काहीतरी सांत्वनाचं बोलायचा प्रयत्न करतात, तेव्हा तो आवाज वेगळाच लागतो. हे मुका हिरो ठेवून जमलं नसतं. ओरिजिन्समधला मुका हिरो आणि एल्फ-बुटका निवडायची सोय गेली म्हणून ओरडणाऱ्यांचं दुःख खरं आहे, पण बदल्यात हे मिळालं.

अरिशॉक, म्हणजे मधला रस्ता

दुसऱ्या अंकाचा मोठा भाग कुनारींचा, म्हणजे कडक धर्माच्या परक्या लोकांचा. त्यांचं जहाज फुटलं, ते गोदीत अडकले, त्यांचा म्होरक्या अरिशॉक वर्षानुवर्षं सिंहासनावर बसून शहराकडे किळसेने बघतोय. हे पात्र इतकं छान लिहिलंय की तो बरोबर आहे की काय असं वाटायला लागतं. शहरातले धर्मवेडे त्याच्या लोकांना पळवतात, शहराचा शासक व्हायकाउंट, त्याचा मुलगा सेमस कुनारी व्हायला निघतो तर पेट्रिस ही धर्मवेडी बाई त्याला चॅन्ट्रीतच (शहराच्या मुख्य प्रार्थनास्थळात) संपवून कुनारींवर ढकलायला बघते, तुमची सोबतीण, पहारेकऱ्यांची कप्तान एव्हलिन, गुन्हेगार एल्फ मागायला जाते तर त्यांनी ज्या पहारेकऱ्याला मारलं त्याने त्यांच्या बहिणीवर काय केलं होतं ते अरिशॉक ऐकवतो. मग तो उठतो. व्हायकाउंटचं मुंडकं पायऱ्यांवरून खाली.

हे थांबवता येत नाही. पण कसं संपतं ते मात्र तुमच्या कमाईवर आहे. सगळ्याच्या मुळाशी एक चोरलेला पवित्र ग्रंथ आहे आणि तो चोरला कुणी तर तुमच्याच पार्टीतल्या इझाबेलाने. तिच्याशी तुमचं नातं पुरेसं घट्ट असेल तर ती पळून गेलेली परत येते, ग्रंथ घेऊन. मग तिला अरिशॉकच्या ताब्यात द्यायचं, का तिच्यासाठी एकट्याने द्वंद्व लढायचं, का सगळ्यांनी मिळून भिडायचं, हे तुम्ही ठरवता. नातं जमलं नसेल तर ती येतच नाही. (द्वंद्व लढायला गेलात तर खांबांभोवती गोल गोल पळायची तयारी ठेवा, इतक्या गंभीर क्षणी इतकी हास्यास्पद लढाई क्वचितच बघायला मिळते.)

घट्ट नातं म्हणजे गोडगोडच असं नाही बरं का. फ्रेंडशिप आणि रायव्हलरी अशी पट्टी आहे आणि टोकाची रायव्हलरीसुद्धा नातंच धरलं जातं. तुम्ही सोबती फेनरिसशी मेजेसच्या प्रश्नावर सात वर्षं भांडलात तरी तो तुम्हाला मानतो. दुसरी सोबतीण मेरिल, तिच्या रक्तजादूला (रक्त वापरून केलेली निषिद्ध जादू) तुम्ही सतत विरोध केलात तर ती जोडत असलेल्या जादुई आरशाची गोष्ट वेगळ्या वळणाने जाते. आधीच्या गेममध्ये सोबत्याला भेटवस्तू चारा आणि त्याच्या मनासारखं बोला असा प्रकार होता, इथे स्वतःच्या मताने खेळूनही माणूस जोडता येतो. मला वाटतं पूर्ण गेममधली सगळ्यात हुशार गोष्ट हीच, आणि वादात हिचं नाव सगळ्यात कमी निघतं. एव्हलिन प्रेमात पडते आणि तिला सांगता येत नाही म्हणून हॉकला मध्यस्थ करते तो क्वेस्टही याच गेममधला, इतका अंधार असलेल्या गोष्टीत असला खळखळून हसवणारा तास कुणी टाकतं का? यांनी टाकला.

आणि मग ऑर्सिनो

तिसरा अंक. व्हायकाउंटची खुर्ची रिकामी, टेम्प्लरांची प्रमुख मेरेडिथ शहर दाबून बसलीये, समोर मेजेसचा प्रमुख ऑर्सिनो. तुमचा मेज सोबती अँडर्स तुमच्याकडे येतो, सेला पेट्री आणि ड्रेकस्टोन हे पदार्थ गोळा करायला मदत कर म्हणतो, कारण खोटं सांगतो. तुम्ही मदत करा नाहीतर नाही म्हणा, चॅन्ट्री उडतेच. हेही पर्याय नसलेलं वळण आहे, पण चालतं, कारण अँडर्सचं डोकं कसं फिरत गेलं ते तुम्ही दोन अंक बघितलंय आणि उडवल्यावर त्याचं काय करायचं ते तुमच्या हातात आहे. मारा, हाकला, सोबत ठेवा. अँडर्सला जिवंत सोडलंत तर चॅन्ट्रीला मानणारा सोबती सेबॅस्टियन तुम्हाला सोडून जातो, सैन्य घेऊन परत येईन असं सांगून. हिशोब बरोबर.

मग गेम तोंडावर प्रश्न टाकतो, मेजेस की टेम्प्लर, बाजू निवड. आई गेली तेव्हा असा प्रश्न नव्हता. इथे आहे, मोठ्या आवाजात आहे, सगळ्या गेमची तयारी याच प्रश्नासाठी होती. तुम्ही मेजेसच्या बाजूने उभे राहता, गॅलोजमध्ये एकेक करून टेम्प्लर मारत पुढे जाता, लढाई बऱ्यापैकी तुमच्या बाजूने चाललेली असते, आणि ऑर्सिनो अचानक हताश होऊन रक्तजादू करतो, मेलेल्या मेजेसची प्रेतं अंगावर ओढून घेतो आणि मांसाचा डोंगर बनून तुमच्यावरच धावून येतो. तुमच्यावर! जे त्याच्यासाठी लढतायत त्यांच्यावर. टेम्प्लरांची बाजू घेतली असती तरी हाच राक्षस. नंतर मेरेडिथ, लाल लिरियम या वेड लावणाऱ्या खनिजाची तलवार घेऊन, तीही दोन्हीकडे सारखीच.

इथे बचाव करणारे म्हणतात, अरे मुद्दाच तो आहे, दोन्ही बाजू सडलेल्या आहेत, कर्कवॉलमध्ये कुणीच स्वच्छ नाही. मेरेडिथपुरतं मी हे मान्य करतो. तिची तलवार त्या मूर्तीपासून आली जी पहिल्या अंकाच्या शेवटी तुम्हीच डीप रोड्समधून (जमिनीखालच्या जुन्या बोगद्यांतून) वर काढली, व्हॅरिकच्या भावाने तिच्यासाठी तुम्हाला आत कोंडलं, आणि मग ती मूर्ती फिरत फिरत मेरेडिथकडे पोचली. तिचं वेड कमावलेलं आहे, आणि त्यात तुमचा हातही आहे.

ऑर्सिनोचं तसं नाही, आणि चीड याची येते की तसं करायचं सगळं सामान गेममध्ये पडलेलं होतं. क्वेंटिनच्या तळघरात एक पत्र मिळतं, खाली सही फक्त "ओ". म्हणजे तुमच्या आईचे तुकडे करणाऱ्याला पाठीशी घालणारा माणूस ऑर्सिनो. विचार करा काय बॉम्ब आहे हा! तिसऱ्या अंकभर या माणसासमोर तुम्ही उभे राहता, त्याची कामं करता, आणि त्या पत्राचा जाब विचारायची धड संधी मिळत नाही. ते पत्र हॉकच्या हातात देऊन ऑर्सिनोसमोर एक सीन ठेवला असता, की याने माझी आई मारू दिली आणि तरीही मेजेसची बाजू बरोबर आहे, आता काय करू, तर तो खरा डार्क फँटसीचा निर्णय झाला असता आणि नंतर तो राक्षस झाला असता तरी कुणी हूं की चूं केलं नसतं. त्याऐवजी ते पत्र कोपऱ्यात पडलेलं राहिलं, कित्येकांनी वाचलंही नसेल. कथेला तो राक्षस नको होता, शेवटाला अजून एक बॉस फाइट हवी होती, एवढंच दिसतं.

आणि एकदा हे दिसलं की बाकीच्या चिरा पण दिसायला लागतात. हॉक स्वतः मेज असेल तर टेम्प्लरांच्या नाकासमोर काठी घेऊन आगी लावत फिरतो आणि कुणी हटकत नाही, उलट शहराचा चॅम्पियन म्हणून मान मिळतो, ज्या शहराचा एकमेव प्रश्न मेजेसना कोंडण्याचा आहे त्या शहरात! लढाई चालू असताना छतावरून शत्रूंची दुसरी लाट टपकते, मग तिसरी, त्यामुळे नीट जागा धरून लढायचा प्लॅन फुकट जातो, आणि पीसीवर वरून बघायचा जुना कॅमेरा काढून टाकल्याने आधीच अर्धे हाल झालेले. गुहेत दगडाची एक लादी लावून रस्ता बंद केलाय पण मिनीमॅपवर पलीकडचा बंद भाग स्पष्ट दिसतोय. कुणाचे तरी अवशेष उचलायचे आणि अनोळखी माणसाला नेऊन द्यायचे, तो धन्यवाद म्हणतो, पैसे देतो, क्वेस्ट संपला. सगळ्याचं मूळ ते १६ महिने.

पण त्याच १६ महिन्यांत लिआंड्रा पण लिहिली गेली, हे विसरून चालणार नाही. म्हणून "वेळ नव्हता" एवढ्यावर मी गेमला सोडत नाही आणि झोडतही नाही. एकाच शहरात कोंडून घ्यायला वेळेने भाग पाडलं असेलही, पण त्या कोंडण्यातूनच फाउंड्री परत आली, तीच, आधीची, आणि म्हणून तिचा धक्का बसला. तीच जागा परत दाखवणं हे आईच्या प्रसंगात बळ ठरतं आणि गुहेत आळस. फरक इतकाच की एका ठिकाणी लेखकाला ती जागा आठवत होती.

लढाईबद्दल एक चांगलं बोलायचं राहिलं. वॉरियरने शत्रू डगमगवला की मेजने त्यावर विशिष्ट स्पेल टाकून जबर नुकसान करायचं, असे क्रॉस-क्लास कॉम्बो आहेत, ते एकदा कळले की मजा येते. नाइटमेअर या सगळ्यात अवघड लेव्हलवर खेळलात तर तुमचे स्पेल तुमच्याच माणसांना लागतात, बाकी लेव्हलला नाही. ज्यांना कॉम्बॅट पोरकट वाटलं त्यांनी तिथे जाऊन बघावं, मात्र लाटा तिथेही आहेतच आणि तिथे त्या जीव काढतात.

पुढचं थोडक्यात. लेगसी आणि मार्क ऑफ द असॅसिन असे दोन कथेचे डीएलसी (गेमला नंतर जोडायचे जादा भाग) २०११ मध्येच आले, त्यात नव्या जागा होत्या, लढाया जास्त नीट रचलेल्या होत्या, म्हणजे तक्रारी कानावर गेल्या होत्या. एग्झाल्टेड मार्च नावाचं मोठं एक्स्पान्शन ठरलं होतं, ते रद्द झालं, त्यामुळे हॉकची गोष्ट त्याच्या स्वतःच्या गेममध्ये पुरी झालीच नाही. २०१४ च्या पुढच्या गेममध्ये, इन्क्विझिशनमध्ये, व्हॅरिक आणि कॅसांड्रा दोघं सोबती म्हणून आले, लाल लिरियम तर जगभर पसरलं. हॉकही येतो, जरा वेळ. तिथे फेड या स्वप्नांच्या दुनियेतून बाहेर पडताना एकाने मागे राहायचं असतं, हॉक किंवा ग्रे वॉर्डन (डार्कस्पॉनशी लढणाऱ्या पंथाचा एक योद्धा), आणि ते ठरवणारे तुम्ही, पण आता तुम्ही हॉक नसता. ज्या माणसाला सात वर्षं स्वतः चालवलं त्याच्याकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघून तू थांब म्हणायचं. कुणाला मागे ठेवाल तोच मागे राहतो, निर्णय फिरवायला कुणी येत नाही, आणि हॉकला ठेवलं तर घरी पत्र लिहायचं काम व्हॅरिककडे येतं.